खरी सूचना कशी ओळखावी

माझ्या खोलीबाहेरची पाटी दर नव्या कुलगुरूंबरोबर बदलते. आधी 'जनसंपर्क कक्ष' होता, मग 'माध्यम व प्रसिद्धी विभाग' झाला, आता 'धोरणात्मक संवाद विभाग' आहे आणि मी त्याची प्रमुख. पाटी बदलायला सुतार येतो, जुन्या भोकांत नवे स्क्रू बसत नाहीत म्हणून शेजारी नवी भोकं पाडतो आणि चहा पिऊन जातो. भिंतीची चाळण झालीय. आतलं टेबल, आतली मी आणि आतलं काम मात्र होतं तसंच आहे.

मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत कुणी विचारलं, की धोरणात्मक संवाद म्हणजे काय, तर मी सांगते, विद्यापीठाच्या बातम्या पेपरला देते. तेवढ्यावर लोकांचं समाधान होतं. प्रत्यक्षात त्यात पुष्कळ भानगडी असतात. सत्काराचा फोटो छापून आला की सकाळी सकाळी फोन येतो, "मॅडम, मी दुसऱ्या रांगेत हुतो, माझा नुसता फेटाच आलाय की." बातमीच्या शेवटी 'यावेळी उपस्थित होते' म्हणून जी नावं असतात, त्यातलं एखादं राहिलं तर तो माणूस वर्षभर कॅन्टीनमध्ये माझ्याकडे पाठ करून बसतो. आमचं विद्यापीठ शहरातल्या इतरांच्या मानाने ना जुनं ना मोठं, त्यामुळे इथे प्रत्येकाला प्रत्येकाची पाठ दिसते. पूर्वी मी इथल्याच एका दैनिकात उपसंपादक होते. तिथे निदान भांडणं दुसऱ्यांची असत.

पन्नाशी ओलांडलीय आणि खरं सांगायचं तर दमलेय. कामाने नाही, काम फार नसतंच. दुसऱ्याच्या तोंडून बोलण्याने दमलेय. कुलगुरू काय म्हणाले हे मी आदल्या दिवशी लिहायचं, आणि आपण काय म्हणालो हे कुलगुरूंनी दुसऱ्या दिवशी पेपरात वाचायचं. अशी वर्षं गेली की घरीसुद्धा माणूस 'भाजीत मीठ कमी असल्याचे निदर्शनास आले आहे' असं बोलायला लागतो. माझा नवरा एकदा म्हणालाही, "तू घरात आलीस की पत्र आल्यासारखं वाटतंय."

अशा दमलेल्या दिवसांतली गेल्या पावसाळ्यातली एक गोष्ट मनातून जात नाही. ती सांगायची तर त्याच्या आदल्या वर्षापासून सुरुवात करावी लागेल.

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, गगनबावड्याच्या वाटेवर मांडुकलीच्या पुढच्या एका गावात दिलंय. दाजींची भातशेती आहे, म्हशी आहेत, डेअरीला दूध घालतात. त्यांची मुलगी, माझी भाची, आमच्याच विद्यापीठात रसायनशास्त्र शिकते. होस्टेलवर असते आणि सुट्टी मिळाली की गावी पळते. आमच्याकडे उन्हाळी परीक्षा पावसाळ्यात होतात. का होतात ते मला विचारू नये, त्यावरही मी एकदा खुलासा लिहिलेला आहे. तर त्या आदल्या वर्षी भाची गावी असताना मोबाइलवर एक निरोप फिरला: 'मित्रांनो, पावसामुळे उद्याचा पेपर रद्द झालाय. घरीच थांबा, काळजी घ्या.' कुणाचा उद्योग होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. भाचीने विश्वास ठेवला आणि थांबली. इकडे पेपर रीतसर झाला. निकालात तिच्या त्या विषयापुढे 'गैरहजर' असं आलं.

दाजी तापट. पण मला एका शब्दाने बोलले नाहीत. अक्काला मात्र माझ्यासमोरच म्हणाले, "हिथं बहीण साहेबीण हाय म्हणायचं, आन् आमची पोरगी घरात बसून नापास." मी खाली बघून पोहे खाल्ले. त्या निरोपाशी माझा काही संबंध नव्हता, पण ते वाक्य मला लागलं ते लागलंच.

मग मी एक मोहीम काढली. 'खरी सूचना कशी ओळखावी?' असं मोठं पोस्टर केलं. वर बोधचिन्ह हवं, जावक क्रमांक हवा, खाली सही-शिक्का हवा. आणि सगळ्यांत ठळक अक्षरांत लिहिलं, विद्यापीठ कधीही 'मित्रांनो' म्हणत नाही. 'सर्व संबंधितांना कळविण्यात येते की' अशी सुरुवात नसेल तर सूचना खोटी समजा. मुलांच्या सोयीसाठी मोबाइलवर डकवता येईल असा एक लाल गोल शिक्काही तयार केला, त्यात 'खोटी सूचना' असं लिहिलेलं. संशयास्पद काही आलं की त्यावर हा शिक्का डकवा आणि पुढे पाठवा, म्हणजे इतरही सावध होतील. पोस्टर होस्टेलला, कॅन्टीनला, जिन्याजिन्यात लागलं. मुलांना शिक्का फार आवडला, मेसच्या मेनूवरही मारायचे. मला शाल, नारळ आणि फेटा मिळाला. भाचीने पोस्टर आपल्या खाटेच्या वर चिकटवलं होतं. इतक्या वर्षांत मनापासून केलेलं हे एक काम, म्हणून त्याचा मला आनंद झाला होता.

त्यानंतर नवे कुलगुरू आले, पाटी बदलली आणि पाठोपाठ पुण्याहून सल्लागार मंडळी आली. पडद्यावर त्यांनी आमचीच परिपत्रकं दाखवली. त्यांच्यातल्या प्रमुख बाई म्हणाल्या, "तुमचं विद्यापीठ मुलांशी तहसीलदारासारखं बोलतं. आईसारखं बोललं पाहिजे." कुलगुरूंनी मान डोलावली. मी हात वर करून म्हटलं, "पण वर्षभर आम्ही मुलांना नेमकं उलटं शिकवलंय. आईसारखं बोललं की खोटं समजा, असं." बाई हसल्या. म्हणाल्या, भाषा बदलली की विश्वास आपोआप बसतो, आणि जुनी पोस्टरं काढून टाका. आम्ही काढली. जिन्यांत त्यांचे चौकोनी पांढरे डाग उरले. एक सांगते, बाईंचं म्हणणं मला आतून आवडलंच होतं. माणसासारखं लिहायला मिळणार या कल्पनेने त्या दिवशी घरी जाताना मी उगाच गजरा घेतला.

आणि मग पावसाळा आला. भाचीचा शेवटच्या वर्षाचा शेवटचा पेपर गुरुवारी होता. मागचा राहिलेला विषय तिने सोडवला होता, आता हा पेपर झाला की सुटली. मध्ये सुट्टी होती आणि बेंदूर हा बैलांचा सण होता, म्हणून ती गावी गेली. दाजींच्या बैलांची शिंगं तिनेच रंगवली, त्याचे फोटो मला आले. त्यानंतर तिकडून काहीच आलं नाही, कारण घाटाकडे पाऊस लागला की आधी वीज जाते आणि मग मोबाइल. इकडे शहरात जो तो नदीच्या बंधाऱ्यावरची पाण्याची पातळी सांगत होता. रिक्षावाला सांगतो, भाजीवाली सांगते, चहा घेऊन येणाराही कप ठेवता ठेवता किती फूट झालं ते सांगतो. बुधवारी दुपारी मांडुकलीला रस्त्यावर पाणी आल्याचं कळलं. संध्याकाळी कुलगुरूंनी मला बोलावून सांगितलं, उद्याचा पेपर पुढे ढकलायचा, सूचना काढा, आणि आपल्या नव्या पद्धतीने काढा.

आमच्या विभागाचे अधीक्षक तोवर संगणकापुढे जाऊन बसलेही होते. आमच्या कार्यालयाची एक रीत आहे. कुठलंही पत्र नव्याने लिहायचं नाही. मागच्या वर्षीचं काढायचं, तारीख बदलायची आणि पाठवायचं. अधीक्षकांची सगळी कारकीर्द याच एका विद्येवर उभी आहे, आणि त्यांना त्याचा अभिमान आहे.

"मॅडम, मागचं काढतो, तारीख बदलतो. झालं."

"नको. आता आपण नवीन पद्धतीने लिहायचं."

"मग सही कुठं करायची?"

"सही नाही. नुसतं चित्र आणि मजकूर."

"सही न्हाय तर फायलीला काय लावू?"

अधीक्षक छत्री घेऊन घरी गेले.

मी एकटीच बसून लिहिलं. वाक्यं मोजकी, पण फार वेळ लागला, कारण डोळ्यांपुढे भाची होती. अंधारात दप्तर भरून बसलेली, उद्या काय करायचं म्हणून बापाकडे बघणारी. मी लिहिलं: 'घाटाकडे खूप पाऊस आहे. मांडुकलीला रस्त्यावर पाणी आलंय. उद्याचा पेपर आपण पुढे ढकललाय. कुणीही घराबाहेर पडू नका. पेपर पुन्हा घेऊ, कुणाचंही नुकसान होऊ देणार नाही. जपून राहा.' वर एक छत्रीचं चित्र होतं, सल्लागारांनीच दिलेलं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि मला बरं वाटलं. कुलगुरूंना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "वा, हेच पाहिजे होतं." सूचना सगळीकडे गेली. अक्काला फोन लावला, लागला नाही. पण काळजी वाटली नाही. रेंजचा एखादा तुकडा आला की सूचना पोचणार, आणि ती सूचना तर मी तिच्यासाठीच लिहिली होती. त्या दिवशी मी शांत झोपले.

सकाळी विद्यापीठात पोचले तर फाटकाशी रेनकोट घातलेली मुलं उभी. दप्तरं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली. आत शिरते तोच फोन वाजायला लागला.

"पेपर हाय का न्हाय?"

"नाही. काल कळवलंय की."

"ते खोटं हाय म्हणं."

एक ठेवला की दुसरा. प्रत्येकाचं तेच. शेवटी माझ्याच मोबाइलवर आमच्या गल्लीतल्या कुणीतरी सूचना पाठवली, 'सावध राहा' असं लिहून. उघडून बघते तर माझीच सूचना. तीच छत्री, तेच 'जपून राहा', आणि त्यावर आडवा डकवलेला लाल गोल शिक्का: खोटी सूचना. शिक्काही माझाच. हातातला फोन मी टेबलावर ठेवला आणि नुसती बघत बसले. चीड आली, पण कुणाची ते ठरवता येईना. मुलांनी तर शिकवलं होतं तेच केलं होतं.

तेवढ्यात अक्काचा फोन आला. डेअरीच्या दारात तेवढी रेंज मिळते, तिथून बोलत होती.

"अगं, पोचली का ती दोघं?"

"कोण दोघं?"

"पोरगी आन् तिचा बा. उजाडायच्या आधी निघाल्यात मोटरसायकलवरनं."

"अक्का, आज पेपर नाहीये. काल सूचना पाठवली की मी."

"ते आलंतं राती. पोरगी म्हणाली, मागल्या सालावाणी खोटं आलंय. तिचा बा म्हणाला, एकदा फसलो, आता न्हाय फसायचं. पाणी असंना का, पोरगीला न्हेऊन सोडतो." आणि मग म्हणाली, "म्हंजे ते खरं हुतं व्हय?"

मी काही बोलायच्या आत फोन कटला. भाचीचा लावला, दाजींचा लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. तो ध्वनिमुद्रित आवाज अगदी गोड बोलतो, मला त्या क्षणी तो असह्य झाला. मांडुकलीचं पाणी मला माहीत आहे. वरून ते शांत दिसतं, रस्त्याची कड कुठे संपते ते कळत नाही, आणि इतकी वर्षं तिथे राहणारेही पाण्यात गाडी घालताना क्षणभर थांबतात. दाजी थांबणारे नव्हते. तापट माणूस, वर मुलीचं वर्ष हातातून जाऊ द्यायचं नाही ही जिद्द. ते पाण्यात शिरायच्या आधी त्यांना काहीतरी पोचवायला हवं होतं, आणि ते त्यांना खरंही वाटायला हवं होतं.

अधीक्षक नुकतेच येऊन छत्री वाळत घालत होते.

"साहेब, मागचं काढा," मी म्हणाले.

ते रेनकोट न काढताच बसले. मागच्या पुराच्या वेळचं पत्र काढलं, तारीख बदलली, छापलं. सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, जिल्ह्यातील अतिवृष्टी व त्या अनुषंगाने उद्भवलेली पूरपरिस्थिती विचारात घेता सदर परीक्षा पुढील आदेशापर्यंत स्थगित करण्यात येत असून, सुधारित वेळापत्रक यथावकाश प्रसिद्ध करण्यात येईल, याची सर्वांनी नोंद घ्यावी. मी पळत जाऊन सही आणली. शिक्का उठला तो निम्माच उठला. स्कॅन वाकडं आलं. तसंच पाठवलं.

खिडकीतून फाटक दिसतं. मुलांच्या घोळक्यात एकाने मोबाइल वर धरून मोठ्याने वाचलं, आणि दुसरा म्हणाला, "हां, हे खरं हाय." बघता बघता घोळका पांगला. कुणी फोन करून खात्री करून घेतली नाही. ज्या टेबलावर सकाळपासून फोन थांबत नव्हता, तिथे एकदम सामसूम झाली. मला मात्र ती सामसूम नको होती. एकच फोन हवा होता.

आला तो कुलगुरूंचा. नाराज होते. "मॅडम, कालच्या सूचनेला किती प्रतिसाद आलाय बघितलात? पुण्याच्या मंडळींचाही अभिनंदनाचा निरोप आला. मग आज हे पुन्हा जुन्या थाटाचं कशाला काढलंत? सगळा सूर बिघडला की." मी म्हणाले, "सर, मुलं निघाली होती." ते म्हणाले, "अहो, पण काल इतकं स्पष्ट लिहिलं होतं." मी म्हणाले, "हो सर." समजावून सांगायचा मला कंटाळा आला. आणि मोबाइल मोकळा ठेवायचा होता.

मग कितीतरी वेळाने भाचीचा फोन आला. मागे पावसाचा आणि माणसांच्या ओरडण्याचा आवाज.

"मावशी, आम्ही मांडुकलीतच हाय."

"पाण्यात?"

"न्हाय गं, कडंला. हितनं ट्रॅक्टरनं माणसं पलीकडं सोडाय लागलेत. आम्ही गाडी लावून सकाळधरनं नंबर धरून हुतो, ट्रॉलीत चढलो बी हुतो. तेवढ्यात रेंज आली आन् खरं आलं. बाबा म्हणाले, उतर खाली."

"उतरलात ना?"

"उतरलो की. ट्रॅक्टर गेला तो मधीच बंद पडलाय. माणसं तशीच उभी हायत ट्रॉलीत, दोर टाकाय लागलेत त्यास्नी."

ती सगळी माणसं दुपारी सुखरूप बाहेर आली, पण तेव्हा ते ठाऊक नव्हतं. मी खुर्चीत बसले.

"कालची सूचना पण माझीच होती," मी म्हणाले. "मीच लिहिली होती. तुझ्यासाठीच म्हण."

मग हळूच म्हणाली, "ती छत्रीवाली? ती तू लिवलीवतीस?" आणि मग, माझी समजूत काढल्यासारखी, "मावशी, चांगली हुती गं. म्हणून तर वाटलं, कुणीतरी फसवायला लागलंय. विद्यापीठ कधी आपल्याला जपून राहा म्हणतंय व्हय?"

"आणि आजची खरी कशावरून?"

"त्यात वार चुकलाय की. तारीख आजची आन् वार सोमवार. बाबास्नी म्हटलं, हे आपल्याच हापिसातनं आलंय."

मला हसू आलं आणि त्यातच रडूही आलं. तिला म्हटलं, मांडुकलीतच कुणाच्या तरी घरात बसा, पाणी उतरेपर्यंत हलू नका. तिला हे खरं वाटलं की नाही कोण जाणे, पण हो म्हणाली.

फोन ठेवला तेव्हा अधीक्षक हातात छापील प्रत घेऊन टेबलापाशी उभे होते. चेहरा पडलेला.

"मॅडम, घाईत वार बदलायचा राह्यला. आज गुरुवार, आपण सोमवार पाठवलाय. शुद्धिपत्रक काढू?"

"नको," मी म्हणाले. "अजून काही पोरं वाटेत असतील. चुकीचाच राहू द्या."